गरीब मुलांच्या कथा: तुलना नेमकी कशाची करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'दारिद्र्यात वाढणारी मुलं' या विषयावर प्रेमचंदांची 'ईदगाह' आणि चेखोव्हची 'वान्का' यांची तुलना लिहायची आहे, मर्यादा 1,200 शब्द. दोन्हींत मुलगा पोरका, दोन्हींत सणाचा दिवस, दोन्हींत मायेचं एकच म्हातारं माणूस. पहिल्या मसुद्यात 'गरिबीमुळे मुलं लवकर मोठी होतात' एवढंच हाती लागलं आणि मार्गदर्शकांनी 'वरवरचं आहे' म्हणून तो परत पाठवला. आता तुलना कशावर उभी करावी, आणि तिसरी कथा घ्यावी का?

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. ते वाक्य वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय की कुठल्याही कथेला लावता येतं, आणि म्हणूनच ते कुठल्याच कथेबद्दल काही सांगत नाही. शिवाय तुमच्या दोन कथांपैकी एकीत ते सरळ खोटं ठरतं. वान्का मोठा होतच नाही. कथा संपते तेव्हा तो मनात आशा घेऊन गाढ झोपलेला असतो. जे कळायचं ते वाचकाला कळतं, त्याला नाही.

मी अशा कथा शिकवतो तेव्हा गरिबीबद्दल आधी काहीच विचारत नाही. विचारतो ते एवढंच: या मुलाला काय माहीत आहे, आणि आपल्याला काय माहीत आहे? गरिबी सगळीकडे आहेच, म्हणून तर या कथा एकमेकींशेजारी ठेवल्या. वेगळं असतं ते या दोन माहित्यांमधलं अंतर. कुठे ते शेवटपर्यंत वाढत जातं, कुठे शेवटच्या वाक्यात एकदम मिटतं, तर कुठे उलटंच, मुलाला जे कळतं ते गोष्ट सांगणाऱ्या मोठ्या माणसालाच कळत नाही. हे अंतर कुणी, कसं आणि कशासाठी ठेवलं, यावर तुलना उभी करा. बाकीचे मुद्दे त्याच्या मागोमाग येतात.

'वान्का'पासून सुरुवात करू, कारण तिथे हे अंतर सगळ्यांत ठळक आहे. ही कथा 1886 च्या नाताळात पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात आली. नाताळच्या अंकांत डोळे पुसायला लावणाऱ्या गोष्टी छापायची तेव्हा पद्धतच होती: थंडीत कुडकुडणारं पोर, उजळलेली खिडकी, शेवटी कुणीतरी दयाळू माणूस दार उघडतो. चेखोव्ह सामान सगळं तेच घेतो, फक्त दार उघडत नाही.

नऊ वर्षांचा वान्का झुकोव्ह मॉस्कोत आल्याखिन नावाच्या, बूट शिवणाऱ्या मालकाकडे तीन महिन्यांपासून शिकाऊ म्हणून ठेवलेला आहे. नाताळच्या आदल्या रात्री घरातले सगळे प्रार्थनेला गेले की तो मालकाच्या कपाटातून दौत आणि गंजक्या निबाचा टाक काढतो, चुरगळलेला कागद बाकावर पसरतो आणि गुडघे टेकून आजोबांना पत्र लिहायला बसतो. मार कशाकशासाठी पडला ते लिहितो. बाळाचा पाळणा हलवताना डोळा लागला म्हणून केस धरून अंगणात ओढत नेलं. मालकिणीनं हेरिंग मासा साफ करायला सांगितला, यानं शेपटीकडून सुरुवात केली, तर तिनं तोच मासा उचलून त्याचं तोंड याच्या तोंडावर खुपसलं. सकाळी पाव, दुपारी पेज, रात्री पुन्हा पाव. मला इथून घेऊन जा, मी मरून जाईन. मग आदल्या दिवशी एका कोपेकला विकत आणलेल्या पाकिटात कागद घालून पत्ता लिहितो: 'गावी, आजोबांना'. डोकं खाजवतो, विचार करतो आणि भर घालतो: 'कोन्स्तान्तिन माकारिच'.

पत्र पोचणार नाही हे सगळ्यांच्याच लक्षात येतं, आणि बहुतेक निबंध इथे थांबून 'करुण शेवट' म्हणून मोकळे होतात. तुम्ही थांबू नका. याला लिहिता कसं येतं, ते बघा. त्याची आई पेलागेया ज्या मोठ्या घरात मोलकरीण होती, तिथल्या ओल्गा इग्नात्येव्हना या बाईंनी त्याला लिहाय-वाचायला, शंभरपर्यंत मोजायला आणि चक्क क्वाड्रिल नाच करायला शिकवलं होतं. का? तर वेळ जात नव्हता म्हणून. आई गेल्यावर पोराला नोकरांच्या स्वयंपाकघरात आजोबांकडे ढकललं, आणि तिथून मॉस्कोला. या मुलाला नाच शिकवला गेला, पाकिटावर पत्ता कसा लिहायचा ते मात्र कुणी शिकवलं नाही. वरच्या वर्गाची दया किती आणि कशी असते, हे चेखोव्हनं भाषण न देता एका वाक्यात उरकलंय. वान्काच्या मनात मात्र त्या बाईंबद्दल निव्वळ माया आहे. पत्रात तो आजोबांना सांगतो की नाताळच्या झाडावरचा सोनेरी अक्रोड त्यांच्याकडून माझ्यासाठी मागून ठेवा.

आजोबांकडेही नीट पाहा. पत्रातले आजोबा म्हणजे तारणहार. कथेतले आजोबा म्हणजे हसऱ्या चेहऱ्याचा, दारूनं तारवटलेल्या डोळ्यांचा पासष्टीचा रखवालदार, जो मोलकरणींना चिमटे काढतो आणि कुत्र्यांना तपकीर हुंगवून गंमत बघतो. माणूस वाईट नाही. पण नातवाला मॉस्कोला पाठवलं तेव्हा त्यानं ते अडवल्याचं कथेत कुठे दिसत नाही. म्हणजे पत्ता बरोबर असता, पत्र पोचलं असतं, तरी काय झालं असतं? हा प्रश्न कथा विचारत नाही, आपल्याला विचारायला लावते. वान्काला यातलं काही ठाऊक नाही. आजोबा शेकोटीपाशी बसून स्वयंपाकिणींना आपलं पत्र वाचून दाखवतायत, असं स्वप्न त्याला पडतं. अंतर असं शेवटच्या ओळीपर्यंत वाढतच जातं, आणि लेखक ते मिटवायला बोटही हलवत नाही.

आता 'ईदगाह'. हामिद चार-पाच वर्षांचा. बाप गेल्या साली पटकीनं गेला, आई पिवळी पडत पडत गेली. त्याला सांगितलंय की अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लाच्या घरून छान छान वस्तू आणायला. इथपर्यंत तो वान्काच्याच जागी आहे: त्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. प्रेमचंद तर अगदी सुरुवातीलाच हा डाव मांडतात. पोरं ईदच्या आनंदात उड्या मारतायत आणि त्यांचे बाप चौधरी कायमअलीच्या घराकडे धावतायत. चौधरीनं नजर फिरवली तर ईदचा मोहरम होईल, हे पोरांना काय ठाऊक, असं निवेदकच आपल्याला सांगून टाकतो. चेखोव्ह आणि प्रेमचंद यांच्यातला हा मोठा फरक आहे. चेखोव्ह शेजारी उभा राहून गप्प बसतो, प्रेमचंद आपल्या खांद्यावर हात ठेवून बोलत राहतात.

पण 'ईदगाह'चा खरा कस लागतो तो पैशांच्या हिशेबात, आणि तो हिशेब कुणी करत नाही. करून बघा. हामिदच्या आजीनं, अमीनानं, फहीमनचे कपडे शिवून आठ आणे मिळवले होते आणि ते ईदसाठी जपून ठेवले होते. गवळण मानगुटीवर बसली, आता उरलेत दोन आणे. चार पैशांचा एक आणा, म्हणजे आठ पैसे. त्यातले तीन हामिदच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात. सण, तेल-मीठ, सगळ्यांची बिदागी त्या पाचांत. जत्रेत पाळण्याची गंमत एका पैशाला. खेळणी दोन-दोन पैशांची. म्हणजे हामिदच्या तीन पैशांत एक खेळणं आणि एक वेळ पाळणा अगदी तंतोतंत बसतो! त्याला काहीच परवडत नव्हतं असं नाही. त्याला एक पोरसवदा, आनंदाची सकाळ परवडत होती, आणि त्यानं ती घेतली नाही. पाळण्यापाशी निवेदक सांगतो की क्षणभर गरगरण्यासाठी तो आपल्या खजिन्यातला तिसरा हिस्सा देऊ शकत नाही. मूल जत्रेत पैशांचे हिस्से पाडतंय, ही गरिबीची खरी खूण. फाटके कपडे सगळेच लेखक दाखवतात.

मग लोखंडी सामानाचं दुकान. चिमटा. दुकानदार आधी म्हणतो, हा तुझ्या कामाचा नाही. मग सहा पैसे सांगतो. मग शेवटचा भाव, पाच. घरी अमीनाच्या बटव्यात नेमके पाचच पैसे आहेत. योगायोग असेल, पण मला तो दर वेळी थांबवतो. हामिद छाती घट्ट करून विचारतो, तीन घेता का, आणि दुकानदार ओरडेल म्हणून पुढे चालू लागतो. तो ओरडत नाही, बोलावून देऊन टाकतो.

इथे विद्यार्थी हमखास 'त्याग' हा शब्द लिहितात. लिहा, पण आधीची दोन पानं वाचून मग लिहा. हामिद संत नाही. महमूदचा शिपाई, मोहसिनचा भिश्ती, नूरेचा वकील हे सगळं तो आशाळभूत नजरेनं बघतो आणि वर म्हणतो की मातीचेच तर आहेत, पडले की चक्काचूर. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय. मित्र रेवड्या दाखवून चिडवतात तेव्हा तो मनातल्या मनात शाप देतो: खा मिठाया, तोंडं सडतील, फोड येतील. आणि चिमटा घेताना त्याच्या डोक्यात आजीच्या भाजणाऱ्या बोटांबरोबर आणखी एक चित्र असतं. आजी शेजारणींना दाखवेल, गावभर बोलबाला होईल. हेवा, राग, मिरवायची हौस आणि माया, सगळं एकाच चिमट्यात. म्हणून ती माया खरी वाटते. निबंधात हे आलं तर 'आदर्श बालक' नावाचा खड्डा आपोआप टळतो.

घरी आल्यावर अमीना आधी छाती बडवते, दुपार झाली, काही खाल्लं नाही, प्यायलं नाही, आणलं काय तर चिमटा! मग तो म्हणतो की तव्यानं तुझी बोटं भाजायची ना. ती रडू लागते, पदर पसरून दुवा देते, आणि हामिदला त्या अश्रूंचा अर्थ कळत नाही. प्रेमचंद लिहितात की लहानग्या हामिदनं म्हाताऱ्या हामिदची भूमिका केली आणि म्हातारी अमीना बालिका झाली. तुमच्या 'लवकर मोठी होतात' या वाक्याला उत्तर इथेच आहे. हामिद मोठा झालेला नाही. एका सकाळपुरता त्यानं मोठ्याचा व्यवहार केला, आणि त्याचं मोल काय ते त्यालाच कळलं नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर प्रेमचंदांनी ते शेवटचं स्पष्टीकरण दिलं नसतं तरी चाललं असतं. बोटांच्या वाक्यावर कथा पुरी झाली होती. पण हे मत निबंधात घालायचं असेल तर चेखोव्हच्या शांत शेवटाशेजारी ठेवून घाला. नुसतं घातलंत तर आगाऊपणा वाटेल.

मग दोघांमधला फरक काय? दोघांनाही पुरतं कळत नाही. पण हामिदच्या न कळण्याला घरात उत्तर मिळतं. त्याचा चिमटा ज्या हातासाठी घेतला त्या हातात पडतो. वान्काचं पत्र ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्यापर्यंत जात नाही. 'ईदगाह'मध्ये गरिबी दोन माणसांमध्ये वाटली गेली आहे, तीन पैसे आणि पाच पैसे. 'वान्का'मध्ये ती एकट्या मुलाच्या माथी आहे, कारण त्याला घरातून उचलून दुसऱ्याच्या घरात कामाला टाकलंय. घरातली गरिबी आणि चाकरीतली गरिबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूक दोन्हीकडे सारखी असेल, पण एका मुलाला परत यायला दार आहे. तुलनेचा हा मधला खांब. यावर दोन परिच्छेद सहज उभे राहतात.

तिसरी कथा घ्यायचीच असेल तर माझी पहिली पसंती जेम्स जॉइसच्या 'अ‍ॅराबी'ला. 1914 च्या 'डब्लिनर्स' संग्रहातली. कारण 'ईदगाह'शी तिचा सांगाडा थक्क व्हावं इतका जुळतो: खिशात मोजके पैसे घेऊन एक मुलगा बाजाराला जातो, एका बाईमाणसासाठी काहीतरी आणायला. फरक एवढाच की हामिद आणतो आणि हा रिकाम्या हातानं उभा राहतो.

इथेही हिशेब करा. मित्राच्या, मँगनच्या, बहिणीला त्यानं सहज कबूल केलंय की गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन. मुलगा काका-काकूंकडे राहतो. काका पैसे द्यायचं विसरतो, रात्री नऊला घरी येतो. मुलाला मिळतो एक फ्लोरिन, म्हणजे दोन शिलिंग, म्हणजे 24 पेन्स. तिसऱ्या वर्गाच्या रिकाम्या डब्यातून तो पोचतो तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी आहेत. सहा पेन्सवाला दरवाजा सापडत नाही, बाजार बंद होईल या भीतीनं तो एक शिलिंग टाकून आत शिरतो. नुसत्या उशिरामुळे सहा पेन्स गेले. शेवटी खिशात दोन पेनी सहा पेन्सच्या नाण्यावर पडतात, म्हणजे उरले आठ. प्रवासाला चार गेले असणार, हे जॉइस सांगत नाही, वजाबाकी आपली. दुकानात फुलदाण्या आहेत, चहाचे संच आहेत, इंग्रजी ढबीत बोलणाऱ्या दोन तरुणांशी थट्टा करणारी विक्रेती आहे. ती कर्तव्य म्हणून विचारते, काही हवंय का. हा म्हणतो, नको. आणि मग वर अंधारात बघताना त्याला स्वतःचंच रूप दिसतं, पोकळ अभिमानानं हाकलत नेलेलं आणि हास्यास्पद झालेलं. डोळे संतापानं आणि वेदनेनं जळतात.

इथे अंतर शेवटच्या वाक्यात मिटतं. मुलाला कळतं. आणि ते कळू शकतं कारण गोष्ट तोच सांगतोय, मोठा झाल्यावर, मागे वळून. हामिदची गोष्ट निवेदक सांगतो, वान्काची गोष्ट अर्धी वान्काच्या पत्रात आणि अर्धी चेखोव्हच्या वाक्यांत आहे. 'अ‍ॅराबी'त मात्र 'मी' आहे. म्हणून या तिघांत दारिद्र्यानं ज्याला काही शिकवलं असा मुलगा हा एकच, आणि तो तिघांत सगळ्यांत कमी गरीब! त्याच्या घरी शनिवारचा बाजार होतो, शाळा आहे, काका कामाला जातो. खालच्या मध्यमवर्गाची, झाकून ठेवायची तंगी ती. अगदी तळाच्या गरिबीत स्वतःकडे असं दुरून बघायची उसंत तरी असते का? हा प्रश्न निबंधात विचारा, उत्तर ठाम देऊ नका.

परकी कथा एकच हवी असेल तर 'अ‍ॅराबी'ऐवजी जयशंकर प्रसादांची 'छोटा जादूगर' घ्या. तीत अंतर चक्क उलटं फिरलंय. कार्निव्हलमध्ये सरबत पिणाऱ्यांकडे बघत उभा असलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा निवेदकाला भेटतो. बाप तुरुंगात आहे, 'देशासाठी', हे मुलगा अभिमानानं सांगतो. आई आजारी आहे. निवेदक त्याला सरबत पाजतो तेव्हा मुलगा म्हणतो की सरबताऐवजी माझा खेळ बघून काही दिलं असतंत तर जास्त बरं वाटलं असतं. दान नको, कामाचे पैसे द्या. पुढे बोटॅनिकल गार्डनमध्ये निवेदकाची बायको खेळ बघून त्याला एक रुपया देते, तो म्हणतो की आधी पोटभर भजी खाईन, मग एक सुती घोंगडी घेईन, आणि निवेदकाला त्या रुपयाचा हेवा वाटल्याचं जाणवून स्वतःची लाज वाटते. तिसऱ्या भेटीत मुलगा रस्त्यावर खेळ करतोय, पण त्यात जीव नाही. आईनं सांगितलंय की लवकर ये, माझी घटका भरत आली. निवेदक रागावतो: आणि तरीही तू खेळ दाखवायला आलास? मुलगा म्हणतो, का नाही येणार?

त्या तीन शब्दांत सगळं आहे. सुखवस्तू माणसाला वाटतं, आई मरतेय तर मुलानं उशाशी बसावं. मुलाला ठाऊक आहे की उशाशी बसून औषध येत नाही. इथे भोळा निवेदक आहे, मुलगा नाही. 'ईदगाह'शेजारी ही कथा ठेवली की एक मार्मिक गोष्ट दिसते: दोन्ही मुलं जत्रेत कमाई-खर्चाचं गणित करतात, पण प्रेमचंदांचा निवेदक हामिदच्या वरून बघतो आणि प्रसादांचा निवेदक त्या मुलापुढे खुजा होत जातो.

मराठी कथा घेता येईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही. विचारायला हवं होतं. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते आणि वाचून विसरलेली असते. शेतकऱ्याचा मुलगाच ती सांगतो. बापाबरोबर टोमॅटो घेऊन बाजारात बसलाय, भाव कोसळतो, आणि बाप आपणच पिकवलेला माल आपल्याच पायांनी तुडवतो. इथे मुलाला आणि वाचकाला एकाच वेळी, एकाच जागी उभं राहून सगळं दिसतं. कसलंच गुपित नाही, कुणी भोळा नाही. आणि गरिबीचं कारणही समोर आहे: माल आहे, पण भाव नाही. हामिदच्या आठ पैशांमागे कोणती व्यवस्था आहे ते प्रेमचंद चौधरीच्या एका उल्लेखात सुचवून सोडून देतात. चंदनशिव ती बाजाराच्या मधोमध आणून ठेवतात.

बाबुराव बागुलांची 'आई' याहून कठीण, आणि ती नीट वाचायची तयारी असेल तरच हात लावा. वर्गात आईवरची कविता शिकवली जातेय, पांडू तल्लीन होऊन ऐकतोय, आणि वर्गातली मुलं त्याच्या तरुण विधवा आईवरून त्याला घालून-पाडून बोलतात. मुलाच्या कानावर आलेलं आणि त्याला डोळ्यांनी बघावं लागलेलं, यांच्यामध्ये ती कथा घडते. त्याला अर्धंमुर्धं कळतं, आणि ते अर्धं कळणंच त्याला आईपासून तोडतं. बागुल आपल्याला आईच्याही बाजूला उभं करतात, म्हणून मुलाचा न्याय आपल्याला पुरा वाटत नाही. पण एक पथ्य पाळा. या कथेतलं दारिद्र्य जातीपासून सुटं करून 'ईदगाह'च्या दारिद्र्याबरोबर एका ओळीत बसवू नका. वर्गातली मुलं पांडूला जे बोलू शकतात ते हामिदचे मित्र हामिदला बोलत नाहीत. ते रेवडी देता देता काढून घेतात, आणि नंतर त्याच्या चिमट्यापुढे हार मानतात. वगळलं जाणं आणि चिडवलं जाणं यात हा फरक आहे.

माडगूळकरांचा 'झेल्या'ही आठवेल तुम्हाला. फार सुंदर आहे, मास्तरांच्या तोंडून आलेला. पण ते 'माणदेशी माणसं'मधलं व्यक्तिचित्र आहे, कथेच्या कसोट्या त्याला जशाच्या तशा लावल्या तर परीक्षक अडवतील.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. लेखकाचं चरित्र पुरावा म्हणून वापरू नका. प्रेमचंदांची आई ते सातेक-आठ वर्षांचे असताना गेली, चेखोव्ह लहानपणी बापाच्या दुकानात राबला, जॉइसचं कुटुंब 'अ‍ॅराबी'तल्या त्याच रस्त्यावर राहिलं होतं आणि तसला बाजार 1894 मध्ये डब्लिनमध्ये खरोखर भरला होता. सगळं खरं, सगळं रंजक, आणि कथा चांगली का आहे याचं उत्तर यातल्या एकातही नाही. लाखो मुलांच्या आया लहानपणी गेल्या.

'वाढणं' हा शब्दही जपून वापरा. कथेला वर्षं नसतात. 'ईदगाह' एका सकाळीत उरकते, 'वान्का' एका पत्राच्या वेळात. वर्षानुवर्षांची वाढ बघायची तर आनंद यादवांच्या 'झोंबी'सारखं आत्मचरित्रात्मक लेखन आहे, तिथे शाळेसाठीचा झगडा वर्षांच्या हिशेबानं चालतो. कथेत मिळतो तो एक क्षण, ज्यात मुलगा एखादी गोष्ट करतो आणि मागे फिरता येत नाही: चिमट्याचे पैसे देणं, पत्रपेटीत पत्र टाकणं, दुकानात 'नको' म्हणणं. तुमच्या निबंधात प्रत्येक कथेचा तो क्षण नेमका कुठला, हे एका वाक्यात आलं पाहिजे.

मांडणीबद्दल. आधी 'ईदगाह'चं सार, मग 'वान्काचं', मग 'साम्य आणि भेद' असे तीन डबे करू नका. गाडी तिथेच रुळावरून घसरते. पहिल्याच परिच्छेदात दावा मांडा: दोन्ही मुलांना आपली परिस्थिती पुरती कळत नाही, पण प्रेमचंद त्या न कळण्याला घरात ऊब देतात आणि चेखोव्ह त्याला एकटं सोडतो. दुसऱ्यात पैशांचा हिशेब आणि एका कोपेकचं पाकीट समोरासमोर ठेवा. तिसऱ्यात निवेदकाचा आवाज: एक बोलका, एक अबोल. चौथ्यात म्हातारी माणसं, अमीना आणि कोन्स्तान्तिन माकारिच. एकीला बोटं भाजल्याचं कुणी लक्षात ठेवलं, दुसऱ्याला काही लक्षात आहे की नाही तेच कळत नाही. उतारे छोटे घ्या, एका वाक्याहून मोठे नकोत, आणि प्रत्येकाखाली तुम्हाला त्यात काय दिसलं ते लिहा.

1,200 शब्दांत तिसरी कथा मावते, पण अडीचशे शब्दांपेक्षा जास्त जागा तिला देऊ नका, आणि ती शेवटी आणा, तुमचा दावा तपासायला. 'अ‍ॅराबी' घेतलीत तर 'मुलाला कळलं तर काय होतं' हे तपासता येईल. 'छोटा जादूगर' घेतलीत तर 'मुलाला आधीच कळलेलं असेल तर' हे. अभ्यासक्रमात मराठी चालत असेल तर मी बिनदिक्कत 'लाल चिखल' घेईन, कारण तिथे कुणाचाच भोळेपणा शिल्लक नाही आणि तुमच्या दाव्याला सगळ्यांत जास्त ताण तिथेच बसतो. नवा मसुदा झाला की पेन्सिल घेऊन नुसती कथानक सांगणारी वाक्यं अधोरेखित करा. ती एकूण वाक्यांच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त निघाली तर मार्गदर्शकांकडे पाठवण्याआधी तिथे कात्री चालवा.